डॉक्टरताईला विचारा : तीन रिपोर्ट, तीन तारखा, मग खरी कोणती?

मागच्या अंकात गरोदरपणातल्या रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं काही विचारायचं असेल तर लिहा, तर गोळ्यांबद्दल एकच पत्र आलं आणि डिलिव्हरीच्या तारखेबद्दल ढीगभर. म्हणून यावेळी सगळी उत्तरं तारखेचीच. पत्रं जशी आली तशीच ठेवली आहेत, फक्त नावं काढली.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, पहिलंच बाळंतपण आहे. मायी पाळी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आली होती, २३ ऑगस्टले, ते मले पक्कं आठवते कारण लेकरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागाले दारात आले अन् मी बाजूला बसली होती. त्यावरून आशाताईनं कार्डावर ३० मे तारीख टाकली. मग ८ नोव्हेंबरले पहिली सोनोग्राफी झाली, तिच्यात १३ जून निघाली. आता १८ एप्रिलले परत केली तर २५ जून. सासूबाई म्हणतात मशीनचं काही खरं नाही, हे म्हणतात शेवटची नवी आहे तर तीच बरोबर असंन. मृग लागला की पेरणीत घरी कोणी राहत नाही अन् आमच्या नाल्याले पूर आला की गाडी निघत नाही. कोणती तारीख धरू? मायी पाळी तशी दीड-दीड महिन्यानं येते.

उत्तर : ताई, १३ जून धरा. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, कारण मागून सांगते, आणि ते घरच्यांना वाचून दाखवा.

आशाताईनं चूक केलेली नाही. पाळीवरून तारीख अशीच काढतात, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, २३ ऑगस्टचे बरोबर ३० मे होतात, म्हणजे २८० दिवस. पण या हिशोबात असं धरलेलं असतं की पाळी २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. तुमची येते दीड महिन्यानं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे तुमच्यात ते अठ्ठावीस-तिसाव्या दिवशी सुटलं असणार, म्हणजे दिवस राहिले तेच मुळात दोन आठवडे उशिरा. आता ३० मे ते १३ जून किती दिवस होतात ते मोजा, चौदा! जी ओळ तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली, उत्तर तिच्यातच होतं. नाव नोंदवताना पाळी किती दिवसांनी येते हे कोणी विचारो न विचारो, आपण होऊन सांगायचं.

आता मशीन. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टवर तिथं सीआरएल असं लिहिलेलं असतं. आठ आठवड्यांचं बाळ साधारण १६ मिलिमीटर, नऊ आठवड्यांचं २३, बारा आठवड्यांचं ५४ च्या आसपास. ८ नोव्हेंबरला तुमच्या पाळीच्या हिशोबानं बाळ अकरा आठवड्यांचं पाहिजे होतं, म्हणजे चार सेंटिमीटरच्या वर, पण १३ जून तारीख निघाली याचा अर्थ ते त्या दिवशी नऊ आठवड्यांचं होतं, जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. आणि या वयात बाळ मोजायला फसवत नाही, कारण आई जाड असो बारीक असो, बाप उंच असो बुटका असो, दारव्ह्यातलं असो का दिल्लीतलं, पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच चालीनं वाढतात. म्हणून इथली तारीख पाच-सात दिवसांपेक्षा जास्त इकडेतिकडे होत नाही.

तुमच्या घरी कपाशी असेलच. सरकी डोबून आठ-दहा दिवसांचं रोप असलं की नुसतं पाहून सांगता येतं कधी डोबलं, सगळ्या धुऱ्यांवर सारखंच दिसतं. तेच ऑगस्टमध्ये पाहा, एकाची कपाशी गुडघ्याएवढी आणि शेजारच्याची कमरेएवढी, तेव्हा उंचीवरून डोबणीची तारीख कोणी काढत नाही, तेव्हा उंची सांगते ती जमीन, खत आणि पाणी. बाळाचं तसंच आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतात आणि मशीन त्याची सरासरी काढून छापून देतं की एवढ्या साइजचं बाळ साधारण अमुक आठवड्यांचं असतं. ते तारीख म्हणून छापलेलं असतं पण ती खरं तर तारीख नसते, बाळ किती भरलंय एवढंच ते सांगतं. या वयात तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो.

म्हणून नियम असा आहे की पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीची तारीख यात नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त किंवा नऊ ते चौदा आठवड्यांच्या मधे सात दिवसांपेक्षा जास्त फरक असला तर सोनोग्राफीची तारीख धरायची, आणि एकदा ती धरली की पुढच्या कुठल्याही सोनोग्राफीवरून ती बदलायची नाही. तुमचा फरक चौदा दिवसांचा, म्हणून १३ जून पक्की.

पण १८ एप्रिलचा रिपोर्ट नुसता बाजूला ठेवू नका, माझं खरं लक्ष त्याच्याकडेच गेलं. १३ जूनच्या हिशोबानं त्या दिवशी तुमचे बरोबर ३२ आठवडे पूर्ण होते आणि मशीन म्हणतं ३० आठवडे २ दिवस. बारा दिवस कमी. एवढा फरक नुसत्या मोजण्यातही येऊ शकतो, बाळ घराण्यानं बारीक असू शकतं, पण त्याला अन्न कमी पोचत असेल असंही असू शकतं आणि ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांना जाऊन सरळ विचारा की १३ जून धरली तर बाळाची वाढ कशी आहे, पोटाचा घेर किती, पाणी किती, नाळेतून रक्त नीट जातं का हे बघणारं डॉपलर करायचं का, दोन-तीन आठवड्यांनी वाढ परत बघायची का. मी शिकत होते तेव्हा एक बाई आली होती, तिच्या कार्डावर तारीख तीनदा खोडून पुढे नेलेली, दर वेळी नवीन रिपोर्ट आला की नवीन तारीख. त्यामुळे दर वेळी बाळ त्या तारखेला बरोबर बसायचं आणि कोणाला वाटलंच नाही की ते वाढत नाहीये. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मलं तेव्हा दीड किलोचं. ते वाचलं, पण तेव्हापासून कार्डावर खाडाखोड दिसली की मी आधी पहिला रिपोर्ट मागते. तुमची तारीख २५ जून केली तर हेच होईल, बारीक बाळ कागदावर बरोबर दिसायला लागेल.

एक राहिलं, मधली पाच महिन्यांची सोनोग्राफी तुम्ही लिहिली नाही. झाली असेल तर तो कागदही सोबत न्या.

आणि नाल्याचं. १३ जूनच्या तीन आठवडे आधी, म्हणजे २३ मेला तुमचे ३७ आठवडे पूर्ण होतात, तिथून पुढे कधीही कळा लागू शकतात, म्हणून तोपर्यंत पिशवी भरून तयार पाहिजे, कार्ड आणि सगळे रिपोर्ट तिच्यातच. गाडीसाठी १०२ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. तालुक्याच्या गावी माहेर, मामा, आत्या कोणी असेल तर मृगाच्या आधीच तिकडे राहायला जा, पूर आल्यावर निघू असं ठेवू नका. पेरणीसाठी घरचे गेले तरी तुमच्याजवळ एक माणूस पाहिजेच, हे माझं नाव सांगून घरी म्हणा.

प्रश्न : बाई, मी आर्वीकडची. मायी सून दोन महिन्याची हाय. डाक्टर म्हने आत्ताच सोनोग्राफी करा. आमच्या वक्ती असं काही नव्हतं, चार बाळंतपनं घरीच झाले, आमी चांदावर मोजत होतो, नऊ महिने नऊ दिवस, काही चुकलं नाही. एवढ्या लवकर मशीन लावली तं लेकराले काही होनार नाही नं?

उत्तर : मावशी, तुमचे नऊ महिने नऊ दिवस आणि डॉक्टर लोकांचे नऊ महिने सात दिवस यात फक्त थोड्या दिवसांचा फरक आहे. जर्मनीत नेगेले नावाचे डॉक्टर होऊन गेले, १७७८ ते १८५१, आमचा नियम अजून त्यांच्याच नावानं ओळखतात. आपल्या आयाबायांनी कुठलंही पुस्तक न वाचता तेच काढलं होतं याचं मला नेहमी कौतुक वाटतं. पण तुमचा हिशोब बसायला पाळी महिन्याच्या महिन्याला यायला पाहिजे आणि तारीख आठवायला पाहिजे, आता कितीतरी पोरींना पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही, काहींना दिवस राहिल्यावरही थोडं लाल जातं आणि ती त्यालाच पाळी समजते, मग अख्ख्या महिन्याचा घोळ होतो.

लेकराला काही होत नाही. सोनोग्राफी एक्स-रे नाही, तिच्यात किरणं नसतात, आवाजाच्या लाटा असतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या. आत जातात, बाळावर आपटून परत येतात आणि त्यावरून चित्र तयार होतं. लोखंडात आतून चीर आहे का हे बघायला कारखान्यात असं मशीन वापरायचे, ते ग्लासगोच्या इयन डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी बाईच्या पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८ साली छापून आणलं. पुढे त्याच गावात १९७३ मध्ये रॉबिन्सन यांनी बाळाच्या लांबीवरून वय काढायची पद्धत दिली, आज आर्वीत तुमच्या सुनेची तारीख निघेल ती त्याच पद्धतीनं. इतक्या वर्षांत त्यानं बाळाला इजा झाली असं दिसलेलं नाही. गरजेपुरती करायची एवढंच.

आणि लवकर करायला सांगितलं ते फक्त तारखेसाठी नाही. गर्भ पिशवीतच आहे की नळीत अडकला, एक आहे की जुळं, ठोके आहेत का, हे तेव्हाच कळतं. नळीतला गर्भ फुटला तर पोरीच्या जिवावर बेततं. पाचव्या आठवड्यात नुसती गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी दिसते, सहाव्याच्या आसपास ठोके, म्हणून फार घाईही नको, आठ ते तेरा आठवड्यांच्या मधे तारखेसाठी सगळ्यात चांगलं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे, आणि चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला मोठ्या डॉक्टरांची मोफत तपासणी असते, तिथंही तिला नेत जा. तुम्ही स्वतः सोबत जा मावशी, पडद्यावर ठोका बघाल तेव्हा मला परत पत्र लिहा.

प्रश्न : सोनोग्राफीत तारीख पुढे गेली तर मुलगा असतो असं आमच्याकडे म्हणतात, खरं आहे का? आणि सेंटरवर एवढा मोठा फॉर्म कशाला भरून घेतात? (आर्णी तालुका)

उत्तर : नाही. तारीख पुढे जाण्याचा आणि मुलगा-मुलगीचा काहीही संबंध नाही, ती का पुढे जाते ते वर लिहिलं आहे. तो फॉर्म एफ आहे, १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्यासाठी भरतात, सोनोग्राफी कोणाची आणि कशासाठी केली याची नोंद. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि विचारायला लावणाऱ्या नातेवाइकालाही आहे. पत्र कोणी लिहिलं मला कळत नाही, पण सुनेनं लिहिलं असेल आणि घरचे त्रास देत असतील तर आशाताईशी एकटीनं बोला.

प्रश्न : ताई, मी धारणी तालुक्यात आशा आहे. आमच्याकडे खूप बायांना पाळीची तारीख माहीतच नसते. आता एक आहे, तिचं पहिलं लेकरू दहा महिन्याचं, अंगावरच पिते, पाळी आलीच नाही अन् परत दिवस राहिले. पोट दिसायला लागल्यावर मला समजलं. सोनोग्राफीत २० आठवडे सांगितले. ही तारीख कार्डावर लिहू का? उशिरा केली म्हणून चुकेल का?

उत्तर : लिहा ताई, पेननं लिहा. तिच्याकडे पाळीची तारीखच नाही, म्हणजे तुलना करायला काही नाही, हीच तिची तारीख. पाचव्या महिन्यात डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड यावरून वय निघतं आणि ते साधारण आठ-दहा दिवस मागेपुढे होऊ शकतं. पहिल्या तीन महिन्यांइतकं घट्ट नाही पण कामाचं आहे. हीच बाई आठव्या महिन्यात गेली असती तर तीन आठवड्यांचा घोळ झाला असता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की निदान एक सोनोग्राफी २४ आठवड्यांच्या आत झालीच पाहिजे. तुम्ही तिला विसाव्या आठवड्यात सेंटरपर्यंत पोचवलं, धारणीचे रस्ते मला माहीत आहेत, हे लहान काम नाही. कार्डावर तारखेच्या बाजूला हेही लिहा की ही २० आठवड्यांच्या सोनोग्राफीवरून काढली, म्हणजे रात्री दोन वाजता जी नर्स कार्ड उघडेल तिला कळेल की या तारखेवर किती भरवसा ठेवायचा.

पुढच्या बायांसाठी दोन गोष्टी. तारीख विचारली की बाई गप्प बसते, पण सण विचारला, बाजाराचा दिवस विचारला, तेव्हा सोयाबीन सोंगत होती का चणा पेरत होती असं विचारलं तर बऱ्याच जणींना आठवतं, दारव्ह्याच्या ताईला कसा तान्हा पोळा आठवला! आणि ज्यांचं लेकरू अंगावर पितं त्यांच्या घरी गेलात की पाळी आली का एवढंच नका विचारू, मळमळ होते का, दूध कमी झालं का, पोट जड वाटतं का हेही विचारा, शंका आली की तुमच्याकडचं दिवस राहिले का ते तपासायचं निश्चय किट वापरा. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत हा समज खूप आहे. सहा महिन्यांनंतर, लेकराला वरचं खाणं सुरू झाल्यावर, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आणि तिला आधीच्या बाळंतपणानंतर वर्षही झालं नाही, म्हणून रक्त तपासा. जवळच्या आरोग्य केंद्रात माहेर घर, म्हणजे गरोदर बाईला तारखेआधी येऊन राहायची सोय, असेल तर तारखेच्या बरंच आधी तिला तिथं आणा. तारीख आठ-दहा दिवस इकडेतिकडे होऊ शकते हे धरूनच आणायचा दिवस ठरवा.

प्रश्न : मॅडम, चिखली तालुक्यातून लिहितो. मिसेसचं पहिलं सिझर झालं होतं, आता दुसरंही सिझरच करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. धोंड्याचा महिना १५ जूनला संपतो म्हणून महाराजांनी १८ जूनचा चांगला दिवस काढून दिला. आमचे डॉक्टर म्हणतात एवढ्या लवकर नाही करणार, कारण पहिल्या सोनोग्राफीत १० जुलै तारीख होती. पण आत्ताच्या रिपोर्टमध्ये १ जुलै आहे, त्या हिशोबानं १८ जूनला ३८ आठवडे होऊन जातात. मग काय हरकत आहे?

उत्तर : भाऊ, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, त्यांना धरून राहा. १० जुलै हीच तारीख. तिच्या हिशोबानं १८ जूनला ३६ आठवडे ६ दिवस होतात, म्हणजे बाळ अजून ३७ आठवड्यांचंही नाही. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसं तयार होतात. कळा न लागता, लवकर काढलेल्या बाळाला जन्मल्याबरोबर धाप लागू शकते, मग काचेच्या पेटीत ठेवा, ऑक्सिजन लावा, आणि चिखलीहून रात्री बुलढाण्याला नाहीतर संभाजीनगरला पळा. ते बाळ मी पाहिलं आहे, दिसायला तीन किलोचं गुबगुबीत आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. वजन झालं म्हणजे फुप्फुसं झाली असं नसतं. दुसऱ्या काही अडचणी नसतील तर असं ठरवलेलं सिझर ३९ आठवडे झाल्यावर करतात, तुमच्याकडे ते ३ जुलैला होतात. त्यानंतरचा चांगला दिवस महाराजांकडून काढून घ्या, पण आधी डॉक्टरांकडून दिवस घ्या आणि त्यातला एक महाराजांना निवडू द्या.

आणि एक विचारते. बाळ नऊ दिवस पुढचं का दिसतंय? घरात सगळे अंगानं मोठे असतील तर ठीक, पण आईची साखर वाढली तरी बाळ असंच मोठं होतं. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती तपासणी झाली का ते कार्डावर बघा, झाली नसेल तर याच आठवड्यात करा. ठरलेल्या दिवसाच्या आधी अचानक कळा लागल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर मात्र तारीख बघत बसू नका, पहिल्या सिझरचा टाका असतो, लगेच निघा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे. ती उलटून गेली तर किती दिवस थांबायचं? (सिंदेवाही)

उत्तर : बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, म्हणून तारीख उलटली की लगेच घाबरू नका. मात्र तारीख पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीची असेल तरच हे दिवस मोजण्यात अर्थ आहे. ती उलटली की दुसऱ्याच दिवशी दाखवून या, पाणी आणि ठोके तपासतील, आणि ४१ आठवडे झाले, म्हणजे तारखेवर सात दिवस गेले, की कळा आणायच्या का ते डॉक्टर ठरवतील. ४२ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही. तोपर्यंत रोज जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. हालचाल कमी वाटली तर तारीख व्हायची असो का उलटलेली, त्याच तासाला दवाखान्यात जा, सकाळची वाट पाहू नका.